मागण्याआधी हिशेब मांडा

ताई,

आठ महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) आर्थिक समितीत खजिनदार म्हणून माझं नाव सुचवलं गेलं आणि मी हो म्हणालो. नोकरीत हिशेबाचंच काम करत आलो, त्यामुळे हे जड जाईल असं वाटलं नव्हतं. वह्या उघडल्या तेव्हा कळलं, की रविवारच्या अर्पणातून महिन्याचा खर्च निघतच नाही. वीजबिल, चर्चची देखभाल करणाऱ्या सेवकाचा पगार, मुलांच्या धर्मशिक्षणाची पुस्तकं, सगळं जुन्या शिलकेतून चाललंय आणि ती शिल्लक आटत आली आहे. छत दोन ठिकाणी गळतं. नेमानं देणारी घरं तीच ती, मोजकी.

गेल्या बैठकीत तीन सूचना आल्या. देणाऱ्यांची नावं आणि रकमा वेदीवरून वाचायच्या, म्हणजे बाकीचे शरमेनं देतील, ही पहिली. ज्यांची वार्षिक वर्गणी थकली आहे त्यांना बाप्तिस्म्याचा दाखला किंवा लग्नासाठीचं पत्र देण्याआधी थकबाकी भरून घ्यायची, ही दुसरी. फादरांनी बायबलमधल्या मलाखीच्या दशांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देण्यावर, कडक प्रवचन करायचं, ही तिसरी. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, ‘तीन आठवड्यांनी मिस्सेच्या शेवटी पाच मिनिटं तुम्हीच बोला.’

ताई, मी आयुष्यात कुणापुढे हात पसरलेला नाही. मोठमोठे समारंभ करणारी घरं अर्पणात नाणं टाकतात हे बघून राग येतो. एक एकटी राहणारी म्हातारी बाई मात्र दर रविवारी पाकीट आणते, तिच्याकडे बघवत नाही. वर लोक म्हणतात, ‘चर्चला काय कमी आहे?’ मी उभा राहून बोलू तरी काय?

– संकोचलेला खजिनदार

प्रिय बंधू,

दुसऱ्या सूचनेपासून सुरुवात करते. तिन्हींत ती सगळ्यात घातक आहे, आणि बैठकीत ती सगळ्यात सोपी वाटली असणार.

मी नऊ वर्षांची असेन. वडिलांचं काम सुटलं होतं. धाकट्या भावासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता म्हणून ते चर्चच्या कार्यालयात गेले आणि मी त्यांचं बोट धरून बरोबर गेले. तिथे आणखी चार माणसं बसली होती. वही उघडली गेली, कुणाचं तरी बोट आमच्या नावापर्यंत सरकत आलं आणि दोन वर्षांची थकबाकी मोठ्यानं वाचली गेली. वडील काही बोलले नाहीत. आठवड्याभरात उसने आणून पैसे भरले, दाखला मिळाला. ते चर्चला जात राहिले, पण त्यानंतर कायम शेवटच्या बाकावर, दाराजवळ, आणि मिस्सा संपायच्या आत बाहेर. पुढे हातात पैसा खेळायला लागला तरी त्यांनी त्या चर्चला आपणहून काही दिलं नाही. त्या दिवशी चर्चनं दोन वर्षांची वर्गणी मिळवली आणि चाळीस वर्षांचा माणूस गमावला.

तेव्हा तुमच्या समितीला ठामपणे सांगा, की हे करायचं नाही. आणि हे केवळ माझं दुखणं म्हणून नव्हे. 1983 च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, 848 वं कलम सांगतं, की संस्कार देताना ठरलेल्या अर्पणापलीकडे काही मागू नये, आणि गरिबीमुळे कुणी संस्काराला मुकणार नाही याची काळजी सतत घ्यावी. दाखला म्हणजे संस्कार नव्हे, असा युक्तिवाद कुणीतरी करील. कागदावर तो बरोबरही असेल. पण लग्नाच्या पत्रासाठी आलेल्या मुलीला तो फरक दिसत नाही. तिला एवढंच दिसतं, की देवाच्या दारात कुणीतरी वही घेऊन बसलं आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शिमोन पैसे देऊन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत घ्यायला निघतो आणि पेत्र त्याला कोणत्या शब्दांत परतवून लावतो, ते बैठकीत एकदा वाचा. विकत घेणारा जितका चुकतो, तितकाच विकायला बसणाराही.

नावं वाचण्याची सूचना त्या मानानं सौम्य, तरीही नकोच. उजव्या हातानं काय दिलं ते डाव्याला कळू नये, हे डोंगरावरचं प्रवचन आपण सगळेच ऐकतो आणि मग कोनशिलेवर नावं कोरतो. पण मला आणखी एक जागा दाखवायची आहे. कृत्यांच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी बर्णबा शेत विकून सगळी रक्कम प्रेषितांच्या पायांशी ठेवतो. त्याचं नाव सगळ्या मंडळीत झालं. लगेच पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा येतात. तेही जमीन विकतात, थोडी रक्कम मागे ठेवतात आणि सगळी दिल्याचा आव आणतात. पेत्र हनन्याला जे विचारतो ते फार महत्त्वाचं आहे: विकण्याआधी ती तुझीच होती ना, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते ना? म्हणजे सगळं द्या अशी सक्ती कुणी केलीच नव्हती. नाव व्हावं या ओढीतून खोटं जन्माला आलं. नावं आणि रकमा वाचायला लागलात, की तुमच्याही धर्मग्रामात देणं आणि दिसणं यांची सरमिसळ सुरू होईल. जे देऊच शकत नाहीत ते त्या रविवारी घरी बसतील ते वेगळंच.

मलाखीचं प्रवचन करायला माझी हरकत नाही, पण मग पूर्ण मलाखी वाचावा लागेल. दशांश भांडारात आणा आणि मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही पाहा, ही तिसऱ्या अध्यायातली दहावी ओळ सगळ्यांना पाठ असते. तिच्या पाच ओळी आधी मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांना, विधवा आणि अनाथांना छळणाऱ्यांना दटावलं आहे. त्याआधीचे दोन अध्याय तर मुख्यतः याजकांच्याच कानउघाडणीचे आहेत, आंधळी-लंगडी जनावरं वेदीवर चढवून घेतली म्हणून. भांडार भरायचं ते मंदिरात अन्न असावं यासाठी. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाच्या दशांशाचे वाटेकरीही सांगितले आहेत: ज्याला जमिनीचा वाटा नाही तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा. इतकं सगळं सोडून ‘द्या म्हणजे मिळेल’ एवढंच उचललं तर तो देवाशी केलेला सौदा होतो. शिवाय कॅथलिक चर्चच्या कायद्यात दहा टक्क्यांची सक्ती कुठेच नाही. 222 वं कलम श्रद्धावंतांवर जबाबदारी टाकतं ती चर्चच्या गरजा भागवण्याची. उपासना, प्रेषितकार्य, दानधर्म आणि सेवकांचा योग्य निर्वाह एवढ्या गोष्टी त्यात येतात, आकडा येत नाही. आपला धर्मशिक्षणाचा ग्रंथही (कॅटेकिझम) 2043 व्या परिच्छेदात हेच सांगतो: प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे.

आता तुमचा संकोच. तुम्ही तो दोष असल्यासारखा लिहिला आहे, आणि मला तर त्या पत्रातली तीच गोष्ट सगळ्यात आश्वासक वाटली. ज्याला मागताना काहीच वाटत नाही त्याच्या हाती दानपेटीची किल्ली देऊ नये.

तुमच्यासारखाच एक माणूस नव्या करारात आहे. पौल स्वतःसाठी करिंथकरांकडून काही घेत नव्हता. तंबू शिवून पोट भरत होता आणि आपला भार कुणावर टाकला नाही याचा त्याला अभिमानही होता. तोच पौल यरुशलेममधल्या गरिबांसाठी मागायची वेळ आली, की करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा असे दोन अध्याय खर्ची घालतो. करिंथकरांनी वर्षभर आधी कबूल केलं होतं आणि अजून जमवाजमव पुरी झाली नव्हती. पौल अवघडला आहे, हे ओळीओळीत जाणवतं. मी मासेदोनियातल्या लोकांपुढे तुमची स्तुती केली, आता ते माझ्याबरोबर आले आणि तुमची तयारी नसली तर मला लाज वाटेल, असं तो मोकळेपणानं लिहितो. संकोच आहे आणि तरीही मागतो आहे, कारण मागणं स्वतःसाठी नाही. या वर्गणीला तो जो ग्रीक शब्द वापरतो तो ‘कोइनोनिया’, म्हणजे सहभागिता. आपण ख्रिस्तप्रसादाबद्दल बोलताना जो शब्द वापरतो, तोच. म्हणून तुम्ही हात पसरता आहात हे डोक्यातून काढा. चर्चचं छत तुमचं नाही, फादरांचं नाही. ते ज्यांचं आहे त्यांनाच तुम्ही ते गळत असल्याचं सांगणार आहात.

पण सांगण्याआधी एक काम करायचं आहे, आणि माझ्या दृष्टीनं या पत्राचा गाभा तोच आहे. हिशेब मांडा.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय खजिनदारांनी उशाशी ठेवावा असा आहे. योवाश राजानं याजकांना सांगितलं, की लोकांकडून येणारा पैसा घ्या आणि मंदिराची पडझड दुरुस्त करा. पैसा येत राहिला. राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी दुरुस्ती झालेली नव्हती. याजकांनी पैसे खाल्ले असं तिथे म्हटलेलं नाही. बहुधा खर्चच इतके होते, की आलेलं जिथल्या तिथे संपत गेलं. तुमच्या वहीसारखंच. राजानं मग लोकांना दरडावलं नाही. त्यानं पद्धत बदलली. यहोयादा याजकानं एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ उजव्या बाजूला, सगळे आत येतात तिथे ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघंही यायचे, दोघं मिळून मोजायचे, थैल्यांत बांधायचे आणि तो पैसा थेट कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती जायचा. त्यातून सुतार, गवंडी, पाथरवट यांची मजुरी आणि लाकूड, दगड. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या चोविसाव्या अध्यायात हीच हकिकत आहे आणि तिथे एक वाक्य जास्तीचं आहे: सरदार आणि सगळे लोक आनंदानं आणून टाकू लागले, पेटी भरेपर्यंत. लोक तेच होते. त्यांची मिळकत एका वर्षात वाढली नव्हती. पेटी डोळ्यांसमोर होती, मोजणारे दोघे होते आणि मंदिराच्या भिंतीवर गवंडी चढलेला दिसत होता.

कायदाही इथे तुमच्या बाजूचा आहे. प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती असलीच पाहिजे, असं 537 वं कलम म्हणतं. श्रद्धावंतांनी जे अर्पण केलं त्याचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा, असं 1287 व्या कलमात आहे. कसा द्यायचा ते धर्मप्रांताच्या नियमांवर सोडलं आहे. ते नियम फादरांकडून मागून घ्या. 1267 व्या कलमाप्रमाणे ज्या कामासाठी पैसे दिले गेले त्याच कामासाठी ते वापरता येतात. म्हणजे छतासाठी आलेला पैसा वीजबिलाकडे वळवता येत नाही, कितीही नड असली तरी. हे लोकांना माहीत नसतं. माहीत झालं की त्यांचा हात सैल होतो, हे मी पाहिलं आहे.

हिशेब मांडायचा म्हणजे लेखापरीक्षकाचं चाळीस पानी पत्रक चिकटवायचं नव्हे. ते ठेवाच, ज्याला बघायचंय त्यानं बघावं. पण लोकांसाठी एक पान करा. वर्षभराचा सगळा खर्च बेरीज करा आणि त्याला 52 नं भागा. एका रविवारला तुमच्या धर्मग्रामाला किती लागतात, तो हा आकडा. त्याच्याशेजारी एका रविवारी सरासरी किती जमतात तो आकडा लिहा. मधली तूट लपवू नका, गोंजारू नका. खाली चार-पाच ओळींत पैसा कुठे जातो ते सोप्या शब्दांत लिहा: दिवे, पगार, धर्मशिक्षण, डागडुजी, गरजूंना मदत. त्या शेवटच्या ओळीपुढे शून्य असेल तर बोलायला उभं राहण्याआधी समितीत तेवढं ठरवून घ्या, की आलेल्यातला एक ठरावीक वाटा, कितीही लहान, बाहेरच्या गरजूंना जाईल. जे धर्मग्राम स्वतः काही देत नाही ते लोकांना द्यायला कोणत्या तोंडानं सांगणार? आणि मोजणी कधीही एकट्यानं करू नका. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण पौलसुद्धा वर्गणी घेऊन निघताना मंडळ्यांनी निवडलेले भाऊ बरोबर घेतो, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. देवासमोर जे चांगलं तेवढंच पुरेसं नाही, माणसांसमोरही चांगलं दिसलं पाहिजे, असं तो तिथेच लिहितो.

‘चर्चला काय कमी आहे’ या वाक्यावर चिडू नका. बोलणाऱ्याला चर्च म्हणजे जुनी इमारत, जमीन, धर्मप्रांत, रोमपर्यंत सगळं एकच दिसतं. जमीन म्हणजे रोकड नव्हे, आणि चर्चची मालमत्ता विकायची तर धर्मगुरूला एकट्याला तो अधिकार नसतो, त्यासाठी वरच्या परवानग्या लागतात, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. एक पान हातात दिलंत की निम्मी माणसं गप्प होतील, वरमून नव्हे, कळल्यामुळे. उरलेल्या निम्म्यांकडे एखादी जुनी, खरी तक्रार असेल, कधीतरी पैसे कुठे गेले ते कळलंच नाही अशी. ती ऐकून घ्या. माहीत असेल तर सांगा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आधीच्या समितीची बाजू सावरण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

एक लहान गोष्ट मिस्सेतलीच. पुष्कळ ठिकाणी अर्पणाची टोपली फिरते तेव्हा लोक गुडघ्यांवर हात ठेवून गाणं संपायची वाट बघत असतात, जणू मध्यंतर आहे. खरं तर ते उपासनेतलं फार जुनं अंग आहे. इ.स. 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानं रविवारच्या सभेचं वर्णन लिहिलं, त्यात वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस यांच्या जोडीला हेही येतं: ज्यांची ऐपत आणि इच्छा आहे ते आपापल्या मर्जीनं देतात, जमलेलं अध्यक्षाकडे ठेवतात आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची काळजी घेतो. साधारण 197 साली कार्थेजमध्ये टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक सांगतो, की आमच्याकडे पेटी आहे, महिन्यातून एकदा जो तो आपल्याला जमेल तेवढं टाकतो, कुणावर जबरदस्ती नाही. आणि तो पैसा मेजवान्यांवर जात नाही, गरिबांच्या अन्नाला आणि त्यांच्या दफनाला जातो. फादरांना विचारा, टोपल्या बाजूला नेऊन ठेवण्याऐवजी भाकर आणि द्राक्षारसाबरोबर मिरवणुकीत पुढे आणता येतील का. मिस्सेच्या नियमांना ते मान्य आहे. पैसे वेदीवर मात्र ठेवायचे नसतात, बाजूला योग्य जागी ठेवायचे. खर्च काहीच नाही, आणि आपल्या टोपलीतलं नाणं कशाच्या सोबतीनं पुढे गेलं ते लहान मुलालाही दिसतं.

आता ती माणसं, ज्यांचा तुम्हाला राग येतो. समारंभावर उधळणारं घर अर्पणात नाणं टाकतं, हे तुम्ही पाहिलंत. मीही पाहते. पण न देणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. कुणी खरंच अडचणीत असतं आणि कर्ज काढून समारंभ केलेला असतो. कुणी वडील टाकायचे तेच नाणं टाकतं. तीस वर्षांत सगळं महागलं आणि ते नाणं तिथेच राहिलं, कारण कुणी त्याला विचारलं नाही. तरुण मुलांच्या खिशात रोख पैसेच नसतात. त्यांच्यासाठी दाराशी क्यूआर कोड लावा, दरमहा बँकेतून आपोआप जाण्याची सोय करा, आणि खातं धर्मग्रामाच्याच नावावर आहे ना, ते दोनदा तपासा. आणि कुणी माझ्या वडिलांसारखं असतं. त्या घरी पैसे मागायला जायचंच नाही. तिथे फादरांना घेऊन जायचं आणि फक्त बसायचं, विचारायचं, ऐकायचं. पावतीपुस्तक घरी ठेवून जा.

तुमची ती पाकीट आणणारी म्हातारी बाई. मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली विधवा आठवते तुम्हाला, दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकणारी. तिची गोष्ट दानाच्या प्रत्येक प्रवचनात येते, पण तिच्या अगदी आधीच्या ओळीत येशू विधवांची घरं गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतो, हे क्वचितच कुणी वाचून दाखवतं. म्हणून तिचं उदाहरण देऊन गरिबांकडून जास्त काढायचं, हे कधीही करू नका. पण तिचं पाकीट परतही करू नका, तिला ‘राहू द्या आजी’ म्हणू नका. ते पाकीट तिचा या घरातला हक्क आहे. तिला औषधपाणी मिळतं का, घरी कुणी येतं-जातं का, एवढं मात्र या आठवड्यातच बघून या. तुमच्या एका पानावरची ती शेवटची ओळ, गरजूंना मदत, तिच्यापासूनच सुरू होऊ शकते.

किती द्यावं, असं लोक तुम्हाला विचारतीलच. आकडा सांगू नका, माप सांगा. मी सुचवीन ते माप असं: आठवड्यातल्या एका तासाची कमाई. आठवड्याला 40 ते 48 तास काम करणाऱ्याचे ते दोन ते अडीच टक्के होतात. मजुराचा तास आणि मोठ्या अधिकाऱ्याचा तास दोन्ही एकाच मापाचे, त्यामुळे कुणाला लाजायला नको आणि कुणाला मिरवायला नको. ज्याला एवढंही जमत नाही त्यानं अर्धा तास, किंवा खरोखरीचा एक तास द्यावा, झाडलोटीला, वर्गावर शिकवायला, आजाऱ्याला भेटायला. आणि हा निर्णय बाकावर बसून टोपली समोर आल्यावर घ्यायचा नसतो. पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात सांगतो, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. घरी, आधी, शांतपणे. तुम्हीही घरच्यांशी बोलून स्वतःचा तास आधी ठरवा आणि द्यायला सुरुवात करा. तो किती ते कुणाला सांगू नका, पण ठरलेला असला की आवाज वेगळा लागतो.

पाच मिनिटांत काय बोलायचं, ते मी लिहून देते. शब्द तुमचे करून घ्या.

‘माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, मी तुमचा खजिनदार. मला बोलायची सवय नाही, म्हणून वाचून दाखवतो. आपल्या धर्मग्रामाला एका रविवारला इतके लागतात. जमतात इतके. उरलेले आपण जुन्या शिलकेतून भागवतो आणि ती शिल्लक अमुक महिने पुरेल. हा सगळा हिशेब एका पानावर दाराशी ठेवला आहे, प्रत्येकानं एक प्रत घरी न्या. पूर्ण वह्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उघड्या असतील, मी तिथे बसेन, काहीही विचारा. आजवर हे आम्ही तुम्हाला सांगितलं नाही, ही आमची चूक झाली. छत दोन ठिकाणी गळतं. दुरुस्तीचा अंदाज इतका आहे. त्यासाठी वेगळी पेटी आहे, तिच्यातला पैसा दुसऱ्या कशालाही लागणार नाही आणि काम झालं की ती पेटी आम्ही उचलू. बाकीच्या खर्चासाठी तुमच्याकडे एक विनंती. घरी बसून, एकमेकांशी बोलून, आठवड्यातल्या एका तासाची कमाई आपल्या या घरासाठी काढता येईल का ते ठरवा. ज्यांना आज शक्य नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. उलट तुम्हाला अडचण असेल तर फादरांना किंवा मला सांगा, मदतीसाठी आपण वाटा काढून ठेवला आहे. कुणाचंही नाव वाचलं जाणार नाही, आणि कोणत्याही दाखल्यासाठी कुणालाही थांबवलं जाणार नाही. जे नेमानं देत आले त्यांचे आभार. आजवर हे घर तुम्ही चालवलंत.’

एवढंच. संपलं की खाली या. जोडीला विनोद नको, हात जोडून काकुळती नको. छत होऊन गेल्यावर मात्र पुन्हा एकदा उभे राहा आणि किती आले, किती लागले, काय उरलं ते सांगा. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायात देवाच्या निवासमंडपासाठी लोक इतकं आणतात, की कारागीर येऊन मोशेला सांगतात आणि मोशे छावणीत दवंडी पिटवतो: आता पुरे, आणखी आणू नका. छताची पेटी तुम्ही ज्या रविवारी सगळ्यांसमोर उचलून आत न्याल, त्या रविवारचा विचार करून ठेवा. पुढच्या कामासाठी मागताना लोकांना तोच आठवेल.

तीन आठवड्यांपैकी किती उरले आहेत मला माहीत नाही. आज रात्री वह्या घ्या आणि तो 52 नं भागायचा आकडा काढा. दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून बेरीज तपासून घ्या. मग उद्याच फादरांकडे जा आणि दाखल्यांची ती सूचना बैठकीच्या इतिवृत्तातून लेखी रद्द करून घ्या, कारण ती तोंडी राहिली तर कार्यालयात बसणारं कुणीतरी ती एक दिवस पाळेल.

तुमची,
ताई